पाण्याला उभ्या बाया

शहागंजातल्या नईमभाईंनी दुकानाच्या फरशीवर बॅनर उलगडला, तेव्हा सुलेखाला आधी वाटलं की आपण दुसऱ्याच कुणाचा बॅनर बघतोय. वर मोठ्या निळ्या अक्षरांत 'वज्रनेत्र डिफेन्स सिस्टिम्स' असं छापलेलं होतं. त्याखाली पंख पसरलेलं काळं यंत्र होतं. आणि पार तळाला, वाकून वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरांत, 'संगणक-चावडी, वार्षिक मेळावा'.

"नईमभाई, हे आमचं नाही."

"तुमचंच आहे ताई. काल सुयशभाईंनी फाइल भेजी. मी विचारलं पण, चावडी का नाम इतना छोटा कायको? तर म्हणाले, जसं आहे तसं छापा." नईमभाईंनी बॅनरवरची धूळ फडक्यानं झटकली. "काही गडबड आहे का?"

"माहीत नाही," सुलेखा म्हणाली. बॅनर तिथंच ठेवून ती बाहेर पडली. बाजारात ऊन नुसतं रटरटत होतं, आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या टँकरभोवती दुकानदार कॅन घेऊन भांडत होते. तिनं स्कूटीवर बसल्या बसल्या सुयशला फोन लावला. त्यानं कट केला आणि मेसेज टाकला, 'मीटिंगमध्ये.' तिनं स्कूटी सरळ गारखेड्याकडं वळवली.

चावडी दोघांनी मिळून काढलेली. इंजिनिअरिंगला दोघं एका वर्गात होती. सुयश गारखेड्यातला, वडील अनंतराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, घरात दोन पिढ्या नोकरदारांच्या. सुलेखा बजाजनगरची, वडील वाळूजच्या कारखान्यात फिटर होते, ते वारले तेव्हा ती तिसऱ्या वर्षाला होती. नोकरी लागल्यावर एका रविवारी तिनं बजाजनगरच्या बुद्धविहाराचा हॉल मागितला आणि आयटीआय-पॉलिटेक्निकच्या पोरांना मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकवायला बसली. सुयश लॅपटॉप घेऊन आला. फी नाही, आडनाव विचारायचं नाही, आणि जे बनवू ते सगळ्यांसाठी मोकळं ठेवायचं, एवढंच ठरलं होतं. पुढं शहर वाढलं, नव्या कंपन्या आल्या, आणि चावडीही वाढली. मेळावा विहारातून कॉलेजच्या सभागृहात गेला आणि यंदा जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात ठरला.

आणि ज्या वर्षांत शहर असं फुगत होतं, त्याच वर्षांत पाणी आटत होतं. गारखेड्यात नळ आठवड्यातून एकदा यायचा. खेड्यांत तोही नव्हता.

सुलेखाचं मूळ गाव रांजणवाडी, बिडकीनच्या पुढं, पैठण तालुक्यात. तिथं चुलती सरूबाई राहायची. मागच्या उन्हाळ्यात गावच्या टँकरच्या खेपा जुन्या जनगणनेवर ठरल्या. ऊसतोडीवरून परतलेली, कारखान्यातून कमी केलेली माणसं त्यात नव्हतीच. तहसीलातला माणूस म्हणायचा, तुमच्या गावात एवढी लोकं नाहीतच. तेव्हा सुलेखानं एक प्रोग्रॅम लिहिला. लहानसा ड्रोन टँकरवर उडवायचा, वरून चित्रीकरण करायचं, आणि प्रोग्रॅमनं दर माणसाभोवती, दर भांड्याभोवती चौकट काढून मोजणी द्यायची. त्याचं नाव तिनं 'घागर' ठेवलं. चित्रीकरण करायच्या आधी ती बायकांना विचारायला गेली, तर सरूबाई पदर सावरत म्हणाली, "घे की बाई. तोंड तेवढं नीट येऊ दे."

खेपा वाढल्या. सुलेखानं घागर आणि रांजणवाडीची चित्रफीत इंटरनेटवर मोकळी ठेवली. ती घेऊन जालना-बीडकडच्या पोरांनीही आपापल्या गावांत मोजणी केली. इतकं सुख तिला पगारानं कधी दिलं नव्हतं.

सुयशचं स्वतःचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस गारखेड्यात दुसऱ्या मजल्यावर होतं. तो मीटिंगमध्ये नव्हता, डबा खात होता.

"बस ना," तो म्हणाला. "तुला सांगणारच होतो."

"बॅनर छापून झाल्यावर?"

"तू रांजणवाडीला होतीस, रेंज नव्हती. ग्रुपवर टाकलं, सगळे हो म्हणाले. सुलेखा, जरा समजून घे. जुन्या दोन्ही प्रायोजकांनी हात वर केले. हॉटेलचं बुकिंग झालंय. हे लोक स्वतःहून आले. बिडकीनला प्लांट टाकतायत. आपल्याच पोरांना नोकऱ्या लागतील."

"हत्यारं बनवणारी कंपनी आहे ती."

"टेहळणीचे ड्रोन बनवतात. आपल्या फौजेसाठी. यात तुला अडचण काय आहे? तुझे तर मामाच फौजेत होते."

हे वर्मी लागलं. सर्जेरावमामा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्यांचा वर्दीतला फोटो होता, आणि लहानपणी सुलेखा त्या फोटोला सॅल्यूट ठोकायची. फौज म्हटलं की तिच्या घरात कुणी वाकडं बोलत नसे.

"अडचण फौजेची नाही," ती म्हणाली. "आपण विहारात बसून पोरांना शिकवायला लागलो, ते या असल्या नावाखाली उभं राहण्यासाठी नाही. कुठली कंपनी कुणाला काय विकते, आपल्याला कुठं माहिती आहे? आणि माहिती नसताना आपलं नाव द्यायचं?"

"आपण नाव देत नाही, जागा देतोय. एक स्टॉल. व्यासपीठावर त्यांचं कुणी बोलणार नाही, शब्द देतो. बॅनरही बदलतो, बस?"

मेळावा आठवड्यावर आला होता. खेड्यापाड्यांतून पोरं निघणार होती, काहींनी तर पहिल्यांदाच कुठंतरी नाव नोंदवलं होतं. मोडता घातला तर नुकसान त्यांचंच होईल, असं मनाला समजावून सुलेखा गप्प बसली. पण जिना उतरताना स्वतःचाच राग येत होता, आणि तो घरी पोचेपर्यंत गेला नाही.

घरी मामा आलेले होते. आई मुक्ताबाईनं चहा टाकला. सुलेखानं सगळं सांगितलं तसं मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुले, तुझं मला नाय पटत. डोंगरावर आम्ही पायी टेहळणीला जायचो. वर काय हाय ते कळायचंच नाय. माझ्या संगतीचं एक पोरगं तसंच गेलं, मांडीवर गेलं माझ्या. असलं उडतं यंत्र असतं तर आज नातवंडं खेळवत बसला असता. यंत्र वाईट नसतंय."

त्या पोराबद्दल मामा वर्षानुवर्षांत एकदाही बोलले नव्हते.

"मेळाव्यात घागरवर माझं भाषण आहे, याल ना?" तिनं विचारलं.

"येणार की. भाचीचं भाषण हाय, इस्त्रीचा सदरा काढून ठेवलाय."

मेळाव्याच्या दिवशी हॉटेलचा एसी इतका गार होता की खेड्यातून आलेली पोरं दंडाला हात घासत होती. दारातल्या बॅनरवर चावडीचं नाव वर आलेलं होतं. सुयशनं तेवढा शब्द पाळला होता. सभागृहाच्या बाहेर ओळीनं स्टॉल होते. कुणाचं पुस्तकांचं टेबल, कुणाचा रोबो. वज्रनेत्रचा स्टॉल मात्र दोन भिंती अडवून बसला होता. काळा गालिचा, टोप्या, पाण्याच्या फुकट बाटल्या, आणि मागं माणसाच्या उंचीचा पडदा. पोरांची तिथं झुंबड उडाली होती.

सुलेखानं पडद्याकडं सहज बघितलं आणि तिचे पाय थांबले.

वरून घेतलेलं चित्र होतं. वाकडं झालेलं कडुनिंबाचं झाड, मारुतीच्या पाराचा चौथरा, मधोमध पिवळा टँकर. बायका घागरी, हंडे, तेलाचे डबे घेऊन टँकरकडं पळत होत्या. दर बाईभोवती पिवळी चौकट होती, अगदी तिनंच ठरवलेल्या जाडीची. मग एकेक चौकट लाल व्हायला लागली. लाल झाली की तिच्या मधोमध फुली उमटायची आणि बाजूला इंग्रजीत अक्षरं यायची, लक्ष्य पक्कं. टँकरला टेकून उभ्या एका बाईनं मान वर करून आभाळाकडं पाहिलं. हिरवं लुगडं, कपाळाला लावलेला हात. सरूबाई होती ती. तिची चौकट लाल झाली आणि तिच्या तोंडावर फुली आली.

तोंड नीट येऊ दे, म्हणाली होती.

"छान आहे ना?" शेजारी कुणीतरी म्हणालं. तिशीची, नेटक्या साडीतली बाई होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर मनस्विनी असं नाव आणि कंपनीचं पद होतं. "गर्दीतही आमचा ड्रोन एकेक माणूस वेगळा ओळखतो. घिरट्या घालत राहतो, ठरलं की खाली येतो."

"खाली येतो म्हणजे?"

"म्हणजे, स्फोटक त्याच्यातच असतं. परत जायची भानगडच नाही." तिनं हे मिक्सरचं भांडं दाखवावं तसं सांगितलं.

"सुयश तर म्हणाला, टेहळणीचा आहे."

"टेहळणीचंही मॉडेल आहे आपल्याकडं. पण हे निर्यातीचं. याला जास्त मागणी आहे."

"निर्यात कुठं?"

"ते नाही सांगता येत, गोपनीय असतं." ती हसली. "पण तुम्हाला ऐकून बरं वाटेल, मोजणीचा गाभा इथलाच आहे. तुमच्याच चावडीत कुणीतरी बनवलेला. चित्रफीतही त्यातलीच. म्हणून तर आम्ही मेळाव्याला मदत करायचं ठरवलं."

"या बायका पाण्याला उभ्या आहेत," सुलेखा म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

"हो, डेमोच आहे तो," मनस्विनी म्हणाली आणि टोपी मागणाऱ्या पोराकडं वळली.

सुयश व्यासपीठामागच्या खोलीत माइकच्या वायरी बघत होता. सुलेखानं दार लावून घेतलं.

"तुला माहीत होतं."

त्यानं वर पाहिलं आणि लगेच खाली. तेवढ्यानं तिला सगळं कळलं.

"घागरमध्ये फेरफार करून द्यायचं काम माझ्या ऑफिसला मिळालंय," तो म्हणाला. "सहा पोरं आहेत माझ्याकडं, सुलेखा. त्यांचे पगार करायचे असतात. आणि यात बेकायदेशीर काहीच नाही. तूच म्हणाली होतीस, मोकळं ठेवू, कुणीही वापरावं."

"कुणीही वापरावं म्हणाले होते. कुणावरही वापरावं असं नाही म्हणाले."

"हा शब्दांचा खेळ झाला."

"शब्दांचा? बाहेर जाऊन बघ. माझ्या चुलतीच्या तोंडावर फुली मारलीय. तू तिच्या घरी जेवलायस, सुयश. तिनं स्वतःच्या वाटणीच्या हंड्यातलं पाणी तुला हात धुवायला दिलं होतं."

सुयशचा चेहरा लाल झाला. "ती चित्रफीत लावतील असं मला नव्हतं वाटलं. ते चुकलंच. सांगतो मी त्यांना. पण तू आता व्यासपीठावर काही बोलू नकोस. पोरांचं नुकसान होईल. नोकऱ्यांच्या मुलाखती आहेत दुपारी."

"माझं भाषण घागरवर आहे," ती म्हणाली. "घागरवरच बोलते."

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत मुक्ताबाई आणि इस्त्रीच्या सदऱ्यातले मामा बसले होते. सुलेखानं तयार केलेली चित्रं बाजूला सारली आणि फक्त रांजणवाडीची मूळ चित्रफीत लावली, पिवळ्या चौकटींची.

"ही सत्यभामा," ती म्हणाली. "हिला तेव्हा सातवा महिना होता, म्हणून ती पळत नाहीये, बाकीच्या तिला पुढं जाऊ देतायत. ही कडुबा मिस्तरीची बायको, हिच्या हातात तेलाचा डबा आहे कारण हंडा आदल्या दिवशी फुटला. आणि हिरव्या लुगड्यातली ही सरूबाई, माझी चुलती. या सगळ्यांना मी विचारून हे चित्र घेतलं. काय सांगून घेतलं? की तुमच्या गावाला पाणी मिळावं म्हणून. आता तुम्ही सगळे उठून बाहेर जा आणि वज्रनेत्रच्या पडद्यावर याच बायका बघा. तिथं त्यांच्या तोंडावर फुल्या आहेत. ते यंत्र वरून पडतं आणि फुटतं. कुणाला विकलंय, ते सांगत नाहीत. आणि त्यांच्या पैशातून तुम्ही-आम्ही दुपारी जेवणार आहोत."

सभागृहात कुजबूज उठली. मागून कुणीतरी ओरडलं, "देशाच्या कंपनीला विरोध कशाला?" दुसरा म्हणाला, "नोकऱ्या तुम्ही देणार का?" सुलेखा बोलत राहिली, पण आवाज एकाएकी बारीक झाला. माइक बंद केला होता. तिनं बाजूला बघितलं, तर सुयश वायरींपाशी उभा होता आणि तिच्याकडं बघत नव्हता.

तेव्हा मामा उठले. त्यांना माइकची गरज नव्हती.

"देशाचं मला नका शिकवू," ते म्हणाले. "बावीस वर्षं बंदूक वाहिलीय मी. मशीन वाईट हाय असं मी म्हणत नाय. पण शत्रूचं चित्र लावा की. आमच्या लेकीबाळींच्या तोंडावर फुल्या कशापाई?"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मघाशी ओरडणारेही टाळ्या पिटत होते. मनस्विनी लगबगीनं पुढं आली, तिच्यासाठी माइक बरोबर चालू झाला. तिनं हात जोडले. "ताईंच्या आणि काकांच्या भावना दुखावल्या, त्याबद्दल कंपनीच्या वतीनं मी मनापासून माफी मागते. आपल्या माताभगिनींचा अपमान करायचा आमचा हेतू नव्हता. ती चित्रफीत आम्ही याच क्षणी काढून टाकतो." पुन्हा टाळ्या झाल्या. कुणीतरी 'भारत माता की जय' म्हटलं. सुयशनं जेवणाची सुट्टी जाहीर केली, आणि लोक समाधानानं उठले.

सुलेखा व्यासपीठावर तशीच उभी होती. आपण जे बोललो ते कुणाच्या कानापर्यंत गेलंच नाही, ते मधेच कुठंतरी वळून दुसरंच काहीतरी झालं, असं तिला वाटत होतं.

बाहेर आली तर स्टॉलवर पडदा पुन्हा चालू होता. झाड नव्हतं, पार नव्हता. कुठलातरी रेताड मुलूख होता, मातीच्या बुटक्या घरांचा, आणि घरांमधून काळ्या झग्यांतल्या बायका हातात प्लास्टिकचे कॅन घेऊन एका लॉरीकडं पळत होत्या. एकीच्या कडेवर पोर होतं. पिवळ्या चौकटी लाल होत होत्या.

सुयश जेवणाची ताटली घेऊन शेजारी आला. "बदललं बघ. लगेच ऐकलं त्यांनी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरच सुटकेचा भाव होता. "आता ठीक आहे ना?"

तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. "तुला हे ठीक दिसतंय?" तिनं विचारलं. "नीट बघ. या कुणाच्या चुलत्या नाहीत?"

"सुलेखा, आता तू हद्द करतेस. सगळ्या जगाचं दुःख आपण नाही घेऊ शकत."

"घेऊ नकोस. निदान त्याच्यावर जेवू तरी नकोस."

मामा केव्हाचे येऊन पडद्यासमोर उभे होते. चष्मा पुसून पुन्हा लावला. मनस्विनीनं त्यांना अदबीनं टोपी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही.

"बाई," त्यांनी विचारलं, "ह्यात बंदूक कुणाच्या हातात हाय?"

"हा नुसता नमुना आहे काका."

"नमुना हाय म्हणूनच इचारतोय. आम्हाला नेमबाजीला पुठ्ठ्याचं माणूस द्यायचे, त्याच्या पण हातात बंदूक रंगवलेली असायची. ह्यांच्या हातात कॅन हायत. ह्या पण पाण्यालाच चालल्यात."

मामांनी मुक्ताबाईला खूण केली आणि सुलेखाला म्हणाले, "मघाशी मी चुकीचं बोललो. चल घरी."

तिघं न जेवता निघाली. दारापर्यंत आल्यावर सुलेखानं मागं वळून पाहिलं. हातावर मोजण्याइतकी पोरं उठून आली होती, त्यात एक पाचोडची मुलगी होती, जिची दुपारी मुलाखत होती. बाकी सगळा मेळावा जेवणाच्या रांगेत उभा होता. तिला त्यांचाही राग आला, आणि पहाटेच्या एसटीनं उपाशी निघालेल्या पोरांवर रागावता येत नाही हेही कळत होतं. हेच तर साधलं होतं त्या लोकांनी. ज्यांना नाही म्हणणं परवडत नाही त्यांच्यासमोर ताट वाढून ठेवलं होतं.

संध्याकाळपर्यंत तिला चावडीच्या ग्रुपमधून काढलं गेलं. 'वातावरण बिघडवल्याबद्दल' असं कारण होतं. जी चावडी तिनं काढली, तिच्यातून तिला सुयशनं नाही, दोन वर्षांपूर्वी आलेल्या कुणीतरी काढलं. सुयश गप्प बसला होता. तिनं इंटरनेटवरून रांजणवाडीची चित्रफीत काढून टाकली, घागरही काढून टाकली. पण ज्यांनी नेली त्यांनी नेलीच होती. ते परत मागायची सोय कायद्यात कुठंच नव्हती. एका वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला, तुम्हीच दिलंय मॅडम.

रांजणवाडीला जाऊन सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नसतं तर गावाला कधीच कळलं नसतं, आणि म्हणूनच तिला जास्त टोचत होतं. त्यात नव्या मोजणीची वेळही आली होती. यंदा खेपा पुन्हा कमी केल्या होत्या. सुलेखा ड्रोनची पिशवी घेऊन गेली. सरूबाईच्या ओट्यावर बायका जमल्या, सत्यभामा पोराला घेऊन आली. सुलेखानं काहीएक न लपवता सगळं सांगितलं.

सरूबाईनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. "म्हंजे आमच्यावर बाँब टाकून दावला?"

"खरा नाही टाकला काकू. पडद्यावर."

"पडद्यावर का हुईना. टाकून दावलाच ना." तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "तू इचारलं व्हतंस, मी व्हय म्हणले. तुझ्यावर भरोसा ठिवून म्हणले."

"माझं चुकलं."

"चुकलंच. तू शिकलेली, तुला कळाया पायजे व्हतं आपलं चित्र कुठवर जातंय ते." मग पिशवीकडं बोट करून ती म्हणाली, "ते उडतं आता गावात काढायचं नाय. परत वर काय फिरताना दिसलं तर माझ्या छातीत धस्स हुईल."

"मग मोजणी कशी द्यायची? खेपा वाढणार नाहीत."

"नाय वाढल्या तर नाय. पण त्या यंत्राखाली मी उभी राहायची नाय."

ज्या कामाचा तिला एवढा अभिमान होता ते तिच्यासमोर मरून पडलं होतं, आणि मारणारे जालना रोडच्या गारव्यात बसून नव्या मेळाव्याच्या तारखा काढत होते. तिनं पिशवीची चेन ओढून घेतली.

सत्यभामाच बोलली. "आपुनच जाऊ की मंग. फोटूपेक्षा आपुन सोताच."

दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून बायका पैठणला गेल्या आणि रिकाम्या घागरी घेऊन तहसीलच्या व्हरांड्यात बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाय ठेवायला जागा उरली नाही. अव्वल कारकून बाहेर आला आणि वैतागून सुलेखाला म्हणाला, "मॅडम, एवढ्या सगळ्यांना आणायची काय गरज होती? मागच्या वेळी पाठवलं तसं चित्र पाठवायचं."

"चित्र आता देत नाय आम्ही," सरूबाई म्हणाली. "माणसं हायत. मोजा."

तो सुलेखाकडं बघत राहिला. तिनं सरूबाईकडं बोट दाखवलं. शेवटी त्यानं शिपायाला बोलावलं आणि दोघं बायकांच्या ओळींतून बोटं दाखवत फिरले. दुपारी एक खेप वाढवून मिळाली. बायकांनी दोन मागितल्या होत्या.

परतीला टेम्पो बिडकीनजवळ आला, तेव्हा रस्त्याकडेला नवा फलक उभारत होते. काळं यंत्र, निळं आभाळ, आणि खाली मराठीत, 'मराठवाड्याच्या मातीतून, तुमच्या सुरक्षेसाठी.' फलकामागच्या आवारात स्प्रिंकलर हिरवळीवर पाणी मारत होते. सरूबाईनं विचारलं तेव्हा सुलेखानं अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवली.

"आमच्या?" सरूबाई म्हणाली. ती वळून, फलक दिसेनासा होईपर्यंत मागं बघत राहिली. सुलेखाच्या डोक्यात तोवर पाचोडच्या त्या मुलीला लावायचा फोन आणि पोरांना शिकवायला नव्यानं कुठं, कुणासोबत बसायचं याचे विचार सुरू झाले होते. जे बनवू ते कुणीही वापरावं, पण कुणावरही नाही, हे यावेळी पहिल्याच दिवशी लिहून ठेवायचं असंही तिनं ठरवलं होतं.

गावाच्या वळणावर टँकर उभा दिसला. टेम्पो पुरता थांबायच्या आधीच बायकांनी उड्या टाकल्या आणि घागरी सावरत त्या रांगेकडं पळाल्या.